नकाराचं घर

१

घर कसं विकतात, हे चावीमावशींना विचारा. त्या म्हणतील, "घर कुणी विकत नाही हो. माणूस आपणहून घेतो. आपण नुसतं दार उघडायचं आणि गप्प बसायचं." यातलं गप्प बसणं सोडलं, तर बाकी सगळं खरं होतं. मावशींना गप्प बसलेलं त्यांच्या पोटच्या लेकीनेही पाहिलं नव्हतं. बोलणाऱ्याची माती विकली जाते आणि न बोलणाऱ्याचे गहू विकले जात नाहीत, या एका म्हणीवर त्यांनी नवऱ्यामागे संसार ओढला, लेकीला शिकवलं आणि तिचं लग्नही लावून दिलं.

त्यांच्या पर्समध्ये चाव्यांचा भलामोठा जुडगा असे आणि त्या यायच्या आधी त्याचा आवाज येई, म्हणून त्या चावीमावशी. खरं नाव फक्त बँकेला ठाऊक होतं.

त्यांची एक पद्धत होती. पार्टी आली (या धंद्यात गिऱ्हाइकाला पार्टीच म्हणतात) की तिला एका दिवसात तीन घरं दाखवायची. पहिलं नकाराचं, दुसरं खिशाबाहेरचं, तिसरं विकायचं. पहिल्या घरात माणूस खट्टू होतो, दुसऱ्यात खिसा चाचपतो आणि तिसऱ्यात पाऊल टाकल्याबरोबर त्याचे खांदे सैल पडतात. खांदे सैल पडले की मावशी टोकनची गोष्ट काढत.

विकायची घरं बदलत, खिशाबाहेरचीही बदलत. नकाराचं घर मात्र वर्षानुवर्षं एकच होतं. एका जुन्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर, पुढची खोली, आतली खोली, स्वयंपाकघर. मालकाने गुंतवणूक म्हणून घेतलं आणि तो परदेशी निघून गेला. त्यात कधी कुणी राहिलं नव्हतं. मावशी आदल्या दिवशी जाऊन खिडक्या घट्ट लावून येत, म्हणजे कोंदट वास धरतो. नळ जरासा ठिबकत ठेवत. पार्टीला नेत दुपारी, समोरच्या इमारतीमागे ऊन गेल्यावर, कारण त्या वेळी पुढच्या खोलीला आजाऱ्यासारखा रंग येतो. पार्टी नाक मुरडे आणि मावशी मनात म्हणत, मुरड बाई, मुरड, तुझं खरं घर पुढे आहे.

त्यांची आणखी एक सवय होती. कुठल्याही घरात पार्टीला खोलीच्या मधोमध उभं करायचं आणि विचारायचं, "घर आपलंच समजा. इथे काय ठेवाल, सांगा." ज्याने तोंडाने कपाट लावलं, त्याने घर घेतलं, हा त्यांचा अनुभव. नकाराच्या घरात खरं तर हे विचारायची काही गरज नव्हती. पण तिसऱ्या घरापर्यंत पार्टीची जीभ सुटलेली बरी, म्हणून त्या तिथेही विचारत. लोक सांगतही. इथे सोफा, तिथे टेबल, ही खोली मुलांची. सांगून निघून जात आणि पुन्हा कधी येत नसत.

असं किती जणांनी त्या घराला काय काय सांगितलं, याचा हिशोब मावशींनी कधी ठेवला नाही. घराने ठेवला असेल, हे त्यांच्या मनातही आलं नाही.

२

पहिली गोष्ट लक्षात आली ती केर काढताना. पुढच्या खोलीत खिडकीपाशी फरशीवर चार खुणा होत्या. खुर्ची वर्षानुवर्षं एका जागी राहिली की पायांखाली फरशी जशी फिकी पडते, तशा. मावशींनी ओलं फडकं फिरवलं, नखाने खरवडलं. खुणा गेल्या नाहीत.

घर रिकामं होतं, पहिल्या दिवसापासून. इथे खुर्ची आली कधी, राहिली कधी आणि गेली कधी?

मग त्यांना आठवलं. रिटायर झालेले एक हेडक्लार्क होते, बायकोला घेऊन आले होते. त्यांनी बरोब्बर याच जागी उभं राहून म्हटलं होतं, "इथे माझी आरामखुर्ची. पेपर घेऊन बसलो की उठायचं नाव नको." त्यांना मावशींनी पलीकडच्या रस्त्यावरचं घर विकलं होतं.

"काहीतरीच," मावशी स्वतःशी म्हणाल्या आणि खाली जाऊन वॉचमनला धारेवर धरलं.

"वर कुणाला झोपायला देतोस ना रे?"

"मावशी, चावी तुमच्याकडे. मी काय भिंतीतून जाऊ?"

"तुझं काही सांगता येत नाही."

त्यांनी कुलूप बदललं. नव्या कुलपाची एकच चावी जुडग्यात ओवली आणि मनाला बजावलं की खुणा आधीपासून असतील, आपलं लक्ष गेलं नसेल. माणसाचं लक्ष कुठे असतं सारखं?

पुढच्या खेपेला आतल्या खोलीच्या चौकटीवर पेन्सिलीच्या रेघा दिसल्या. एकावर एक, आडव्या, बारीक. मुलाची उंची मोजताना आईबाप ओढतात तशा. सगळ्यात खालची मावशींच्या कमरेच्या जरा वर, सगळ्यात वरची छातीशी. हीही पार्टी त्यांना आठवली. शिक्षक नवराबायको आणि त्यांचा शाळेत नुकताच जायला लागलेला मुलगा. बापाने मुलाला चौकटीला टेकवून उभं केलं होतं, डोक्यावर हात सपाट ठेवला होता आणि म्हटलं होतं, "तुझी उंची आपण इथे लिहायची हं. दर वाढदिवसाला."

पेन्सिल काही त्याने काढली नव्हती. मावशी समोर होत्या, त्यांना पक्कं आठवत होतं.

त्यांनी रेघा पुसल्या. पंधरवड्याने त्या परत होत्या आणि सगळ्यात वर एक नवी होती.

३

मावशी भित्र्या नव्हत्या. भीती वाटली की त्यांना आधी राग येई. एका दुपारी त्या एकट्याच त्या घरात गेल्या, मधोमध उभ्या राहिल्या आणि पार्टीला विचारतात त्याच सुरात मोठ्याने म्हणाल्या, "हो का? मग ऐक. दाराच्या बाजूला, या खिळ्यावर, मी माझी निळी छत्री टांगणार."

घर ऐकत असल्यासारखं वाटलं, पण रिकाम्या खोलीत आपलाच आवाज परत येतो, त्यात नवल नाही. नळ ठिबकत होता, तो मधेच एकदा थांबला आणि पुन्हा ठिबकायला लागला.

घरी आल्यावर त्यांनी छत्री शोधली. नेहमीच्या जागी नव्हती. पलंगाखाली नव्हती, कपाटामागे नव्हती. बसमध्ये राहिली असेल, त्या म्हणाल्या. छत्र्या जन्माला येतात त्याच हरवायला.

दोन दिवसांनी त्या नकाराच्या घरी गेल्या. खिळ्यावर छत्री नव्हती. हायसं वाटून त्यांनी खाली पाहिलं. खिळ्याच्या बरोबर खाली फरशीवर पाण्याचा एक गोल डाग होता, ओली छत्री टांगल्यावर पडतो तसा. बाहेर कडक ऊन होतं. मावशींनी बोट लावून पाहिलं. डाग ओला होता, आणि त्याच्या कडेने जुनी, वाळलेली, एकात एक अशी बरीच वर्तुळं होती, जणू कितीतरी पावसाळे ती छत्री तिथेच टांगली जात होती.

छत्री त्यांना पुन्हा कधी मिळाली नाही.

४

तरीही त्या घराकडे त्यांनी कानाडोळा केला असता. पोटापुढे माणूस पुष्कळ गोष्टी विसरतो. पण एक दिवस भाजी घेताना समोर ती शिक्षिका उभी राहिली. तिचं बोट धरून मुलगा होता.

"ओळखलंत का मावशी? तुम्हीच घर दिलंत आम्हाला."

"न ओळखायला काय झालं! आणि हा धाकटा वाटतं? थोरला कुठे आहे? एव्हाना मिशी फुटायला आली असेल."

बाईंचा चेहरा उतरला. "धाकटा नाही हो. हा तोच आहे. एकच आहे मला."

मावशींनी मुलाकडे पाहिलं. तीच उंची. तेच दुधाचे दात. डोळे मात्र मोठ्या मुलाचे होते, कंटाळलेले.

"डॉक्टर झाले सगळे," बाई हळू आवाजात म्हणाल्या. "कुणी म्हणतं ताकदीचं औषध द्या, कुणी म्हणतं वाट बघा. वाढच नाही. जुने कपडे अजून होतात त्याला. लोक म्हणतात तुमचं बरंय, खर्च वाचला. त्यावर हसू की रडू, कळत नाही."

भाजी तिथेच राहिली. घरी येऊन त्यांनी आधी हेडक्लार्कांकडे फोन लावला, सहज चौकशी म्हणून. बायकोने उचलला.

"बरे आहेत हो. पण एका जागी बसणं म्हणून नाही. आयुष्यभर खुर्चीत बसलेला माणूस, आता जेवतोसुद्धा उभ्याने. बसलं की कसंतरी होतं म्हणतात. रात्रंदिवस येरझारा. फरशी झिजेल माझी."

मावशींनी फोन ठेवला. मन म्हणत होतं, मुलं खुरटतात, म्हाताऱ्यांना पायाचे आजार होतात, आणि छत्र्या तर सगळ्यांच्याच हरवतात. मन फार शहाणं असतं. हातांनी मात्र जुडग्यातून ती चावी काढली आणि कपाटात साड्यांखाली ठेवली. त्या दिवसापासून मावशी पार्टीला दोनच घरं दाखवू लागल्या. धंदा बसला, पण त्यांनी कुणाला कारण सांगितलं नाही.

५

मग शहर बदललं. एका बाजूला उंच इमारती उठल्या, दुसऱ्या बाजूला नवा रस्ता झाला आणि घरांचे भाव असे चढले की मावशींना स्वतःलाच सांगताना लाज वाटायची. घर पाहावं बांधून म्हणत असत. आता नुसतं पाहायलाही छाती लागत होती. काल जे घर नाक मुरडून सोडत, त्यासाठी आज लोक भांडू लागले.

मावशींची लेक आणि जावई भाड्याच्या घरात राहत. घरमालक वर्षा-दोन वर्षांनी उठवी. कधी त्याचा मुलगा परत येणार असे, कधी भाडं वाढे. पुठ्ठ्याच्या खोक्यांतले अर्धे आता लेक उघडतच नसे. सगळ्या गावाला घरं मिळवून देणाऱ्या बाईची मुलगी बिऱ्हाडं हलवत फिरत होती. दिव्याखाली अंधार म्हणतात, तो हाच. तिच्या कानशिलावर या वयात दोन पांढरे केस आले होते. मावशी थट्टेने ते उपटायला जात आणि लेक हात झटकून म्हणे, "राहू दे गं, तेवढेच माझ्या मालकीचे आहेत."

एके दिवशी ती फोन नाचवतच आली.

"आई, मिळालं. दोन खोल्या, स्वयंपाकघर, आपल्याला झेपतंय. मालकाने स्वतःच जाहिरात टाकलीय फोनवर. आणि गंमत म्हणजे लिहिलंय, चावीसाठी यांना भेटा. यांना म्हणजे कुणाला, ओळख."

मावशींनी फोटो पाहिला. खिडकी ओळखीची होती.

"ते नको."

"का?"

"कोंदट आहे. नळ ठिबकतो."

"आई, नळ!" लेक हसली आणि मग हसायची थांबली. "तू जे कोण, कुठले माहीत नाही, त्यांना घरं लावून दिलीस. माझ्या वेळेला नळ आडवा येतो?"

"बाळ, ऐक माझं. त्या घराचं काहीतरी बरोबर नाही."

"काय ते सांग ना मग."

मावशींनी तोंड उघडलं. खुर्चीच्या खुणा, छत्रीचा डाग. आपल्याच कानांना ते कसं लागेल, हे त्यांना ऐकू आलं आणि त्यांनी तोंड मिटलं. लेकीने त्यांना पहिल्यांदाच गप्प बसलेलं पाहिलं आणि त्याचा उलटाच अर्थ घेतला.

"तुला दुसऱ्या कुणाला द्यायचं असेल तर तसं सांग," ती म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं.

मावशी हरल्या. पण त्यांना एक गोष्ट येत होती. त्या घराला नकार कसा मिळवायचा, हे त्यांच्याइतकं जगात कुणाला ठाऊक नव्हतं. "बरं," त्या म्हणाल्या, "उद्या दुपारी दाखवते."

६

सकाळीच जाऊन त्यांनी खिडक्या लावल्या, नळ नेहमीपेक्षा जास्त सैल ठेवला, कोपऱ्यात ओलं पोतं टाकलं. आत असताना त्यांनी चकार शब्द काढला नाही. चौकटीवरच्या रेघा आता त्यांच्या डोक्याच्या वर गेल्या होत्या. त्यांनी तिकडे फार वेळ पाहिलं नाही.

दुपारी लेक-जावयाला घेऊन त्यांनी कुलूप उघडलं आणि दार ढकललं.

खिडक्या सताड उघड्या होत्या. नळ बंद होता. पोतं कुठेच नव्हतं. हवा मोकळी होती आणि तिला नुकत्याच धुतलेल्या कपड्यांचा वास होता. समोरच्या इमारतीच्या काचांवर आपटून ऊन उलटं येत होतं आणि पुढची खोली पिवळ्या उजेडाने भरली होती. इतकी वर्षं या वेळी मावशी इथे येत होत्या. असा उजेड त्यांनी कधी पाहिला नव्हता. पार्टीला खूश करायला काय काय करतात, ते हे घर मावशींकडूनच शिकलं होतं, फक्त उलट्या बाजूने.

"अगं बाई," लेक म्हणाली आणि तिचे खांदे सैल पडले. मावशींनी ते पाहिलं.

जावई मधोमध जाऊन उभा राहिला. "छान आहे हो, आई. इथे माझं—"

"जावईबापू, नळ बघा आधी," मावशी जुडगा वाजवत मधे पडल्या. "पाण्याचा जोर बघा."

त्याने नळ सोडला. जोर उत्तम होता. "जोर आहे. म्हणजे इथे ओट्याशेजारी आपल्याला—"

"वरचा स्लॅब बघा! गळतो पावसात."

"कुठे? कोरडा आहे की."

"बोलू नका हो, नुसतं बघा," मावशी म्हणाल्या. आवाज चिरका झाला होता. जावयाने बायकोकडे पाहून भुवया उंचावल्या. सासूबाईंच्या धंद्याची काही रीत असेल, असं समजून तो बिचारा तोंड मिटून भिंती ठोकत हिंडू लागला. मावशी त्याच्या मागे मागे, तो जिथे थांबेल तिथे जुडगा खुळखुळवत.

या गडबडीत लेक कुठे गेली, हे त्यांच्या लक्षातच राहिलं नाही.

ती आतल्या खोलीत होती. तिथून तिचा आवाज आला, हळवा, हसरा. आईवर कालचा राग धरल्याबद्दल भरपाई केल्यासारखा.

"आई, ही खोली तुझी बरं का. इथे या भिंतीला तुझा पलंग. इतकी वर्षं दमलीस. इथे तू अगदी गाढ झोपायचं."

मावशी दारात पोचल्या तेव्हा वाक्य पुरं झालं होतं.

७

त्या दिवसापासून मावशींची झोप गेली. पहिल्या रात्री त्यांनी चहाला दोष दिला. दुसऱ्या रात्री उशीला. मग दोष द्यायला काही उरलं नाही. डोळे मिटले की आत नुसताच उजेड, डुलकीसुद्धा नाही. डॉक्टरांच्या गोळीने हातपाय जड झाले, डोकं टक्क जागं राहिलं. पाच-सहा दिवसांत त्या चालताना भिंतीला हात लावू लागल्या. तिकडे लेक-जावई बँकेच्या कर्जाचं पाहत होते, रोज आनंदाने फोन करत होते आणि मावशी पलीकडून "घाई नको" एवढंच म्हणत होत्या.

शेवटी एका सकाळी त्या चावी घेऊन निघाल्या. आपली झोप कुठे आहे, हे त्यांना ठाऊक होतं.

आतल्या खोलीत, लेकीने दाखवलेल्या भिंतीपाशी, फरशीवर पलंगाच्या पायांच्या चार खुणा होत्या. भिंतीवर, उशी येईल तितक्या उंचीवर, तेलकट डाग होता. अनेक वर्षं कुणीतरी डोकं टेकून झोपलं की पडतो तसा. मावशींनी वाकून वास घेतला. त्यांच्याच डोक्याच्या तेलाचा होता.

त्या रडल्या नाहीत. पदर अंथरून खुणांच्या मधे आडव्या झाल्या. फरशी गार असायला हवी होती. ती आत्ताच कुणीतरी उठून गेल्यासारखी कोमट होती. आणि मग झोप आली, लहानपणची झोप, तळ नसलेली.

तिन्हीसांजेला जाग आली ती आवाजाने. लाकडावर पेन्सिल ओढल्याचा आवाज, बारीक, सावकाश. मावशींनी डोळे पुरते उघडले नाहीत. पापण्यांच्या फटीतून त्यांना चौकट दिसली. खूप वर, जिथे चौकट संपते आणि छताला फार अंतर उरत नाही, तिथे एक हात होता. लहान मुलाचा, गुबगुबीत, मनगटाला घडी पडलेला. मुठीत पेन्सिल. हाताखाली जे काही उभं असेल, ते दाराच्या पलीकडे अंधारात होतं आणि त्याला आत यायला वाकावं लागलं असतं. रेघ पुरी झाली. हात थांबला. मग एखादं मूल, झोपलेल्या मोठ्या माणसाची झोपमोड नको म्हणून करतं, तसा तो हळूच मागे गेला.

मावशी बराच वेळ तशाच पडून राहिल्या. किती जणांना इथे उभं करून विचारलं आपण? इथे काय ठेवाल? लोकांनी ठेवलं. आणि आपण दार लावून, हसत, त्यांना दुसऱ्या घरी नेलं.

लेकीचं घर इथे होणार नाही. उठेपर्यंत मावशींचा विचार पक्का झाला होता. घराकडे लेकीचा एकच शब्द होता आणि तो आईपुरता होता. तेवढा पाळला की झालं.

८

"माझं घर तुम्ही घ्या," त्यांनी लेक-जावयाला समोर बसवून सांगितलं. "उजेड आहे, बाजार जवळ आहे, तिसऱ्या मजल्याचा जिना मला आता होत नाही. तुझ्या नावावर करते. मी त्या दोन खोल्यांत राहते भाड्याने. मालकाशी बोलले, तो हो म्हणाला."

जावई अवघडला. सासूच्या घरात राहायचं म्हणजे, वगैरे म्हणाला. "घर माझ्या लेकीचं आहे, तुम्ही तिच्याकडे राहताय," मावशींनी त्याला गप्प केलं. लेक मात्र रडली. आपण आईवर नको ते बोललो, असं म्हणाली.

"एक अट आहे," मावशी म्हणाल्या. "सामान लावायला यायचं, पण त्या घरात तोंडातून शब्द काढायचा नाही. एकही नाही. आईचं खूळ म्हणा."

सामान हलवायच्या दिवशी लेकीने ती अट खेळासारखी पाळली. ओठ मिटून, हातवारे करत, गाल फुगवत ती दिवसभर वावरली. मावशींना लहानपणची ती आठवत होती. पलंग चार खुणांवर चपखल बसला. जावई सामानाची गाडी घेऊन पुढे गेला. दिवस कलायच्या आत सगळं लागलं.

निरोप घ्यायला लेक दाराशी आली. मावशींनी सवयीने तिच्या कानशिलावरचे दोन पांढरे केस चिमटीत धरले आणि तिने सवयीने हात झटकला. मावशी हसल्या. आयुष्यातला सगळ्यात चांगला सौदा आज आपण केला, असं त्यांना वाटलं. लेकीला उजेडाचं घर मिळालं, आणि ती इथून मोकळी सुटली. आणि हे वाटता वाटता, काही कळायच्या आत, त्यांचे डोळे भरून वाहू लागले.

लेकीने एक पाऊल बाहेर टाकलेलं होतं. आईला रडताना पाहून ती वळली आणि खेळ विसरली.

"आई, असं काय गं? एकटी कुठे आहेस तू? हे घर मी कुणाला घेऊ देणार नाही. म्हातारी झाले ना, की मी पण इथेच येणार. तुझ्या शेजारी, त्या भिंतीला माझा पलंग. म्हातारपण माझं इथेच."

मावशींचा हात तिच्या तोंडाकडे जाता जाता हवेत राहिला. त्यांनी खाली पाहिलं. लेकीचं एक पाऊल अजून उंबऱ्याच्या आत होतं.

आतल्या खोलीत पलंग सरकल्याचा आवाज आला. दुसऱ्यासाठी जागा करताना सरकवतात तसा, बेताने, थोडासाच.

"काय झालं?" लेक म्हणाली. खिडकीतून तो पिवळा उजेड थेट तिच्या चेहऱ्यावर पडला होता. मावशींनी तिचा चेहरा दोन्ही हातांत धरला, कानशिलावरचे केस मागे सारले, एका बाजूचे, मग दुसऱ्या बाजूचे, आणि पुन्हा पहिल्या बाजूचे. सगळे काळेभोर होते.

"काही नाही," मावशी म्हणाल्या. "जा तू. सावकाश जा."

लेक हसली आणि दोन-दोन पायऱ्या गाळत, लहानपणी उतरायची तशी, जिना उतरून गेली.